छत्री कुणी दिली? स्वतःलाच फसवणारा निवेदक कसा लिहावा

आत्मवंचना करणारा निवेदक लिहायला घेतला की बहुतेकांच्या हातून आधी खोटारडा माणूस लिहिला जातो. माझ्याही हातून तेच झालं होतं. माझ्या कथेतला निवेदक पंधरा पानं साळसूदपणे बोलत राहायचा आणि शेवटच्या परिच्छेदात कबूल करायचा की ते पत्र त्यानेच जाळलं होतं. एका संपादकांनी कथा परत पाठवली. समासात एकच ओळ होती: ‘हा स्वतःला फसवत नाहीये, तुम्ही मला फसवताय.’

राग आला, पण ओळ बरोबर होती. खोटारड्याला खरं ठाऊक असतं आणि ते तो वाचकापासून लपवतो. स्वतःला फसवणाऱ्याचं लपवून केव्हाच झालेलं असतं. आता तो जे सांगतो ते मनापासून सांगतो. म्हणून त्याच्या तोंडी गुपित द्यायचं नाही, काम द्यायचं. आपली बाजू धरून ठेवायला त्याला सतत राबावं लागतं, डागडुजी करावी लागते. वाचकाला दिसायला हवी ती ही डागडुजी. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली समीक्षेत आणली. तिच्या पोटात खोटारडे, भाबडे, वेडे, लहान मुलं असे सगळेच येतात. आपल्याला त्यातला एकच प्रकार हवा आहे: प्रामाणिक आणि चुकलेला.

आधी दोन पानं समोरासमोर लिहा

कथेची पहिली ओळ लिहिण्याआधी वही उघडा. डाव्या पानावर जे घडलं ते, उजव्या पानावर निवेदकाला जे आठवतं ते. डावं पान कोरडं ठेवा, पंचनाम्यासारखं. हा लेखभर मी एकच उदाहरण वापरणार आहे, तेव्हा ते इथेच मांडतो.

डावं पान: दुपारचे साडेतीन. धाकटा भाऊ घर सोडून निघाला. आदल्या आठवड्यात थोरल्याने आईची सही घेऊन घर स्वतःच्या नावावर करून घेतलंय. थोरला आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय. जागा आहे. धाकटा उंबऱ्यात मिनिटभर थांबतो. बाहेर पाऊस. थोरला उठत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणते, “निदान छत्री तरी द्यायचीस त्याला.”

उजवं पान, तीस वर्षांनंतर, थोरल्याच्या शब्दांत: ‘तो निघाला तेव्हा पाऊस होता. मी त्याला माझी छत्री दिली.’

आता दोन्ही पानांच्या मधल्या शिवणीत लिहायचं की डावीकडचं उजवीकडे गेलं कसं. या टप्प्यावर घाई केली की पुढचं सगळं फसतं. ‘त्याला अपराधी वाटत होतं म्हणून’ हे उत्तर नव्हे, ते नुसतं लेबल झालं. आमच्या थोरल्याच्या बाबतीत वाट अशी आहे: आईचं वाक्य टोचलं. रात्री पडल्या पडल्या त्याने मनातल्या मनात उठून छत्री देऊन पाहिली. पुढच्या पावसात परत दिली. दहा पावसाळे दिली. कल्पनेतल्या भावाने प्रत्येक वेळी ती घेतली. मग एकदा कुणीतरी विचारलं आणि हा सहज म्हणून गेला, ‘छत्री दिली होती मी.’ समोरच्याने मान डोलावली. त्या दिवसापासून ती आठवण झाली.

हे मी कथेच्या सोयीसाठी रचलेलं नाही. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ मेरीअन गॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहानपणी आपल्या बाबतीत घडली नसावी असं लोकांनी आधी सांगितलेली एखादी घटना त्यांना नुसती डोळ्यांपुढे आणून पाहायला सांगितली, तर ती घडली असावी हा त्यांचा विश्वास वाढतो. थोरल्याने दहा पावसाळे तेच केलं, फक्त प्रयोगशाळेबाहेर.

आठवण नेमकी कुठे बिघडते ते ठरवा

‘स्मृती अविश्वसनीय असते’ एवढ्या भांडवलावर कथा उभी राहत नाही. बिघाडाचा प्रकार निवडावा लागतो आणि एका कथेला एकच पुरतो. मला कामी आलेले असे.

ओळखीच्या साच्यात बसवणं. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या पुस्तकात एक प्रयोग दिला आहे. इंग्रज वाचकांना त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, पुन्हा पुन्हा, आठवून सांगायला लावली. कथेतली डोंगी साधी होडी झाली, भुतांचे संदर्भ गळाले, न कळलेल्या जागी कळणारी कारणं आली. तुमचा निवेदकही जे समजलं नाही तिथे कारण घालतो. ‘तो चिडून गेला’ असं तो म्हणतो, कारण भाऊ शांतपणे गेला हे त्याला पचलेलंच नाही.

प्रश्नाच्या शब्दाने बदलणं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोटारींच्या धडकेची चित्रफीत दाखवून वेग विचारला. काहींना ‘धडकल्या तेव्हा’, तर काहींना ‘आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा’ अशा धर्तीच्या क्रियापदांनी. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच चित्रफितीत नव्हतीच. जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. कथेत याचा उपयोग असा की निवेदकाला कुणीतरी विचारलं पाहिजे आणि विचारणाऱ्याचा शब्द पुढच्या आठवणीत उमटला पाहिजे. पुतणी विचारते, “काका, बाबांना तुम्ही सोडायला गेला होता ना?” या ‘ना’मध्ये आयतं उत्तर आहे. दोन पानांनी काका स्वतःला फाटकापर्यंत चालवत नेतो.

बाहेरून दिसणं. जॉर्जिया नायग्रो आणि उल्रिक नायसर यांनी १९८३ साली मांडलं की काही आठवणींत आपण आपल्या डोळ्यांतून पाहतो आणि काहींत आपणच आपल्याला बाहेरून दिसतो. जुन्या आठवणींत हे दुसरं जास्त आढळतं. लेखकासाठी ही सोन्यासारखी गोष्ट आहे. निवेदक लिहितो: ‘मी दारात उभा होतो, एका हातात छत्री, खांदा थोडा झुकलेला.’ स्वतःचा झुकलेला खांदा कुणाला दिसतो? हे वाक्य वाचक वाचून पुढे जाईल, पण कुठेतरी खडा लागेल.

आणि खात्री. खात्रीचा खरेपणाशी फारसा संबंध नसतो. चॅलेंजर अवकाशयानाचा २८ जानेवारी १९८६ ला स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. ११ जणांचं जवळपास सगळंच चुकलं होतं आणि त्यांतल्या कित्येकांना पक्की खात्री होती. स्वतःच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळची आठवण परतली नाही. म्हणूनच पुरावा समोर आल्यावर ‘अरे हो, आठवलं!’ म्हणणारा निवेदक मला पटत नाही. तो कागदाकडेच संशयाने पाहील.

एक वेगळं काढून ठेवतो: विस्मृतीचा आजार. तो स्वतंत्र विषय आहे आणि आत्मवंचनेचं स्पष्टीकरण म्हणून शेवटी काढलात तर माणसाची जबाबदारीच पुसली जाते.

मोबदला लहान ठेवा

नवशिके लेखक निवेदकाला मोठा गुन्हा देतात. खून, बलात्कार, विश्वासघात. माझा अनुभव उलटा आहे. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांच्या १९५९ च्या प्रयोगात लोकांना एक कंटाळवाणं काम देऊन, ‘ते मजेचं होतं’ असं पुढच्या माणसाला सांगायला लावलं. त्या खोट्यासाठी काहींना २० डॉलर मिळाले, काहींना १ डॉलर. नंतर काम खरोखरच बरं होतं असं जास्त मानू लागले ते १ डॉलरवाले. २० वाल्यांकडे कारण होतं: पैसे. १ वाल्यांना कारण आतून तयार करावं लागलं.

थोरल्याला म्हणून मी हवेली देत नाही. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, गळकं. पुढे तेही त्याला विकावं लागलं. एवढ्याशा गोष्टीसाठी भाऊ गेला हे स्वतःला सांगता येत नाही, म्हणून गोष्टच बदलावी लागते.

क्रियापदांकडे बघा

इथे मी जरा रेंगाळणार आहे. तंत्राची पुस्तकं काळ, दृष्टिकोन, रचना यांवर बोलतात. पण मराठीत माणूस स्वतःला फसवतो तो क्रियापदात आणि प्रत्ययात. ही सोय भाषेने आपल्याला फुकट दिलीय.

‘मी कप फोडला’, ‘माझ्याकडून कप फुटला’, ‘कप फुटला’. तीन पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर माणूसच नाही. तुमच्या निवेदकाची अडचणीची कृत्यं तिसऱ्या पायरीवर ठेवा आणि अभिमानाची पहिल्या. ‘घराचे कागद झाले. आईची सही झाली.’ आणि लगेच: ‘छप्पर मी बदललं.’

‘राहून गेलं’ हे मराठीतलं सगळ्यात निरागस क्रियापद. ‘त्याला पत्र लिहायचं राहून गेलं.’ जणू पत्र स्वतःच कुठेतरी मागे राहिलं.

मग रीतिभूतकाळ. ‘मी त्याला पैसे पाठवायचो.’ किती वेळा? या ‘यचो’मध्ये दोनदा केलेली गोष्ट वर्षानुवर्षं केल्यासारखी पसरते. माझा नियम असा की निवेदक ज्या चांगुलपणाबद्दल ‘यचो’ लावतो, त्याचा नेमका आकडा डाव्या पानावर असला पाहिजे. थोरल्याचा आकडा एक आहे, आणि ती मनीऑर्डर परत आली होती.

‘असणार’वर पाळत ठेवा. ‘त्याला माझी अडचण कळली असणार’ हा अंदाज आहे. चार पानांनी ‘त्याला माझी अडचण कळली होती’ ही घटना होते. मधे काहीही घडलेलं नाही, फक्त ‘असणार’ गळून पडलं.

‘च’ म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. ‘छत्री दिली’ हे सांगणं आहे. ‘छत्री दिलीच मी’ म्हटलं की कुणीतरी नाही म्हणतंय, निदान याच्या डोक्यात तरी.

आणि ‘आपण’. ‘अशा वेळी आपण काय करणार?’ या ‘आपण’मध्ये वाचकालाही ओढून साक्षीदार केलं जातं. त्याहून बारीक जागा म्हणजे ‘आपलं’ आणि ‘आमचं’. भांडणाआधीच्या आठवणीत थोरला भावाला म्हणतो, ‘आपल्या घराला रंग काढू.’ वर्षांनी फोनवर म्हणतो, ‘ये की कधी आमच्याकडे.’ अख्खी वाटणी त्या एका सर्वनामात झाली. त्यावर भाष्य करू नका. भावानेही काही बोलू नये. फोन खाली ठेवला, एवढं पुरे.

‘खरं सांगायचं तर’, ‘तसं पाहिलं तर’, ‘देवाशपथ’ यांचा मात्र मारा नको. आख्ख्या कथेत दोनदा. जास्त झालं की निवेदक नाटकातल्या खलनायकासारखा दिसायला लागतो.

एकच प्रसंग तीनदा सांगा

सगळ्या युक्त्यांत मला हीच भरवशाची वाटते. आठवणीचा बिघाड एका सांगण्यात दिसत नाही, दोन सांगण्यांमधल्या फटीत दिसतो.

पहिल्यांदा, कथेच्या सुरुवातीला, जाता जाता: ‘तो गेला त्या दिवशी पाऊस होता. मी त्याला माझी छत्री दिली.’ बस. वाचकाला माणूस आवडला पाहिजे.

दुसऱ्यांदा, मध्यावर, भरपूर तपशिलाने: ‘काळी, लाकडी मुठीची छत्री. मुठीला चीर होती, तिथे मी दोरा गुंडाळला होता. एका हातात त्याची पेटी, दुसऱ्या हातात छत्री. वळणावर गेल्यावर त्याने मागे वळून मला हात हलवला.’

कुठला हात? हा प्रश्न तुम्ही विचारायचा नाही, निवेदकाने तर मुळीच नाही. दहातला एखादा वाचक थबकेल. बाकीच्या नऊ जणांना एवढंच जाणवेल की पहिल्यापेक्षा हे सांगणं जड झालंय. आणखी एक बघा. दोऱ्याचा तपशील खरा आहे. छत्री होती, चीर होती, दोराही त्यानेच गुंडाळला होता. खोट्या आठवणीला खऱ्या वस्तू लागतात. सगळंच खोटं लिहिलंत तर वाचकाला धरायला काही राहत नाही.

तिसऱ्यांदा, शेवटाकडे, आईबद्दल बोलताना: ‘आई शेवटपर्यंत त्या छत्रीचं काढायची. निदान छत्री तरी द्यायचीस, म्हणायची. म्हातारपणी तिच्या काही लक्षात राहायचं नाही.’

खरं इथे उघड बोललं गेलंय आणि त्याच दमात झटकलंही गेलंय. निवेदकाला काही कळलेलं नाही. वाचकाला ‘निदान’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांत सगळं कळलं. आणि ज्याची आठवण चुकलीय तो दुसऱ्याच्या विसराळूपणाची तक्रार करतोय, हे क्रौर्यही आपसूक आलं.

ही फट किती लहान असू शकते याचा नमुना काझुओ इशिगुरो यांच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) या कादंबरीत आहे. एका बड्या घरातला बटलर, म्हणजे मुख्य नोकर, स्टीव्हन्स याला आठवतं की तो तिथल्याच कारभारणीच्या, मिस केंटनच्या, बंद दारापाशी उभा होता आणि आत ती रडत असावी. आधी तो हा प्रसंग तिच्या मावशीच्या मृत्यूच्या बातमीला जोडतो. नंतर स्वतःच म्हणतो, गल्लत झाली असावी. तो प्रसंग त्यानंतर काही महिन्यांनी आलेल्या एका संध्याकाळचा होता, म्हणजे ती दुसऱ्याशी लग्नाला होकार देऊन आली त्या संध्याकाळचा. दार तेच, रडणंही तेच. फक्त तारीख सरकली आणि ती कशासाठी रडत असेल याचं उत्तर बदललं. तारखेची दुरुस्ती करावी इतक्या सभ्यपणे तो ती करतो, म्हणून वाचताना पोटात कालवतं.

यातून एक उपयुक्त कसब उचलता येतं: निवेदकाला किरकोळ गोष्टींत काटेकोर ठेवा. ‘सोमवार होता. नाही, मंगळवार, कारण त्या दिवशी पाणी नव्हतं.’ वाराबद्दल इतका प्रामाणिक असलेला माणूस छत्रीबद्दल कशाला चुकेल, असं वाचकाला वाटतं. हे निवेदकालाही वाटतं, गंमत तीच.

पुरावा दुसऱ्याच्या हाती, पण वकील नको

मी एका खर्ड्यात माळ्यावर छत्री सापडवली होती. धुळीत, दोऱ्यासकट. दोन दिवस खूश होतो, मग कापलं. सापडलेली वस्तू वाद संपवते आणि आपल्याला वाद संपवायचा नाही. शिवाय अशी वस्तू निवेदकापेक्षा लेखकाच्या सोयीची असते, ते वाचकाला दिसतं.

त्याऐवजी इतर पात्रांना त्यांचं त्यांचं काहीतरी हवं असू द्या. पुतणीला काकांना खोटं पाडायचं नाहीये, तिला फक्त वडिलांच्या जुन्या खोकल्याचं मूळ हवंय. ती म्हणते, “त्या दिवशी भिजले आणि आजारी पडले, असं बाबा सांगायचे.” काका म्हणतो, “वाऱ्याने छत्री उलटी झाली असणार.” बघा, ‘असणार’. डागडुजी चालू झाली. वाचकाने हे हात चालताना पाहणं, यासाठीच सगळा खटाटोप. पुतणीला त्यावर ‘पण काका...’ म्हणू देऊ नका. तिने चहाचा कप उचलून आत जावं.

तृतीयपुरुषी निवेदनातही हे सगळं जमतं, फक्त निवेदनाने पात्राचे शब्द उसने घ्यायचे: ‘कागद करणं भागच होतं. कुणीतरी करायलाच हवे होते.’ हे लेखकाचं मत नाही हे त्या ‘भागच’ आणि ‘करायलाच’मधून कळतं.

उलगडा करायचा की नाही

माझं मत सरळ आहे: पूर्ण उलगडा बहुतेक वेळा कथेला मारतो. निवेदकाला जितकं सोसेल तितकंच कळू द्या. थोरल्याला शेवटी फार तर पाऊस ऐकू यावा, आणि तो आतल्या खोलीतून. तीस वर्षं दारात उभा राहून सांगत आलेल्या माणसाच्या आठवणीत अचानक भिंत येते, तिच्यावरचा ओलीचा डाग येतो. तो डाग कशावरून दिसतोय हे तो स्वतःला विचारत नाही. जागा बदलली, एवढंच.

काहींना उलगडा हवाच असतो. मग तो निम्म्यावर करा आणि उरलेल्या निम्म्यात निवेदक त्या सत्यालाही आपल्या सोयीने कसं वाकवतो ते दाखवा. ‘हो, नाही दिली छत्री. दिली असती तर त्याने घेतली नसती, मानी होता.’ लागलीच नवा पत्रा ठोकला.

दुसरा खर्डा

खर्डा आठ दिवस बाजूला ठेवा. मग दोन रंगांची पेनं घ्या. एकाने डाव्या पानाशी जुळणारी वाक्यं अधोरेखित करा, दुसऱ्याने उजव्या पानावरची. सलग तीन पानं एकाच रंगाची निघाली तर तिथे कथा झोपलीय. जिथे तुम्ही, म्हणजे लेखकाने, वाचकाला डोळा मारलाय ती वाक्यं काढा. ‘तेव्हा मला ठाऊक नव्हतं’ हे बहुधा त्यांतलं पहिलं असतं.

मग मोठ्याने वाचा, निवेदकाची बाजू घेऊन, त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवून. जिथे आवाज आपोआप उपरोधिक होतो तिथे तुम्ही त्याच्यावर हसताय. ते वाक्य पुन्हा लिहा, या वेळी तो बरोबर आहे असं धरून.

शेवटी दोन वाचकांना द्या. ‘कळलं का?’ विचारू नका. ‘भाऊ निघाला तेव्हा थोरला कुठे होता?’ एवढंच विचारा. दोघेही चटकन ‘आत झोपलेला’ म्हणाले तर पुरावा थोडा कमी करा. दोघेही ‘दारात’ म्हणाले तर आईचं वाक्य एखादं पान आधी आणा. एक जण ‘दारात’ म्हणाला, मग थांबला आणि पानं मागे उलटायला लागला, तर पेन खाली ठेवा.